६५ वॉटचा ठोकळा एवढुसा कसा झाला, आणि त्याहून लहान का होत नाही

परवा मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साबुदाणा मोजायचा सोडून लॅपटॉपचे दोन चार्जर मोजत बसले. एक २०१० च्या आसपासचा, काळा, मधे ठोकळा आणि दोन्ही बाजूंना वायरी असलेला. दुसरा भाच्याने नुकताच घेतलेला, मुठीत मावणारा, वर मोठ्या अक्षरात गॅन लिहिलेला. दोन्ही ६५ वॉटचेच. जुना ठोकळा वायर काढून २८० ग्रॅम भरला आणि नवा ११२. भाचा म्हणाला मावशी हे गॅन म्हणजे नेमकं काय गं, मी सांगायला लागले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की आपण गोष्ट शेपटाकडून सुरू केलीय. गॅन नंतर येतं. आधी हे समजायला हवं की चार्जरच्या आत एक बटण असतं, ते सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतं, आणि ते जितकं भरभर होईल तितका चार्जर लहान करता येतो. मग प्रश्न असा पडतो की सेकंदाला लाखच वेळा का, तीन कोटी वेळा का नाही? हा प्रश्न काही लोकांना खरंच पडला होता आणि त्यांनी त्यावर कंपनीही काढली. ती गोष्ट खाली सांगते, पण आधी एलिमिनेटर.

ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता त्यांना बॅटरी एलिमिनेटर आठवत असेल. सेल वाचवायला भिंतीत खोचायचा तो डबा, हातात घेतला की दगडासारखा जड, थोड्या वेळाने कोमट व्हायचा आणि कान लावला तर बारीक हम्म ऐकू यायचं. एवढं करून द्यायचा किती, तर चार-पाच वॉट. आत होता लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा (यालाच कोअर म्हणतात) आणि त्यावर तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर. त्याच पद्धतीने लॅपटॉपसाठी ६५ वॉट काढायचे म्हटले तर किलोभराचं धूड तरी बॅगेत टाकावं लागेल.

हे एवढं लोखंड लागतं कशाला? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते, म्हणजे १० मिलिसेकंद एका दिशेला आणि १० मिलिसेकंद उलट्या दिशेला. त्या १० मिलिसेकंदात लोखंडातलं चुंबकत्व वाढत जातं, दिशा उलटली की उतरायला लागतं. लोखंडाला चुंबकत्व पचवायची एक मर्यादा असते, ती ओलांडली की कोअर भरला असं म्हणतात आणि मग तारेतून नुसता करंट धावतो, ट्रान्सफॉर्मर जळतो. १० मिलिसेकंद हा विजेच्या हिशोबात फार म्हणजे फारच मोठा वेळ आहे, तेवढ्या वेळात कोअर भरू नये म्हणून तो जाडजूड घ्यावा लागतो आणि वेढेही पुष्कळ मारावे लागतात. पण दिशा दर १० मिलिसेकंदांनी न उलटता दर १० मायक्रोसेकंदांनी उलटली तर? चुंबकत्व वाढायला हजारपट कमी वेळ मिळेल, मग छोटा कोअर आणि मोजके वेढे पुरतील. सगळी जादू एवढीच आहे.

आणि ही जादू तुम्ही घरात बघितलेली आहे. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत जी तांब्याची चोक असायची ती काढून हातात घेतली की कळायचं वजन काय असतं ते, आणि नंतर जी इलेक्ट्रॉनिक चोक आली ती पिसासारखी हलकी. नळी तीच, काम तेच. फरक इतकाच की तांब्याची चोक ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांवर चालायची आणि इलेक्ट्रॉनिक चोक हजारो हर्ट्झवर. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ज्यांच्याकडे मिडियम वेव्हचा रेडिओ होता त्यांना दिवा लावला की बातम्यांच्या मागे खरखर ऐकू यायला लागली. ही खरखर ध्यानात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

तर लॅपटॉपच्या चार्जरमध्ये काय होतं? भिंतीतले २३० व्होल्ट आत शिरले की आधी चार डायोडमधून जाऊन त्यांचा एकाच दिशेचा करंट होतो, हेलकाव्याच्या टोकाला असतात तेवढे म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. ते एका फुगीर कपॅसिटरमध्ये साठतात. पुढे येतं बटण, म्हणजे मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर, तो चालू होतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या वेढ्यात करंट चढतो आणि कोअरमध्ये थोडी ऊर्जा साठते, बंद होतो तेव्हा तीच ऊर्जा दुसऱ्या बाजूच्या वेढ्यातून लॅपटॉपकडे जाते. पुन्हा चालू, पुन्हा बंद. याला फ्लायबॅक म्हणतात आणि ६५ वॉटपर्यंतच्या बहुतेक चार्जरमध्ये हाच प्रकार असतो.

मला हे बघून नेहमी विहिरीवरचं रहाटगाडगं आठवतं. चाकाला माळ, माळेला गाडगी, खाली पाण्यात बुडून भरायची आणि वर येऊन पन्हाळीत रिकामी व्हायची. पन्हाळीतून शेताला मिनिटाला किती पाणी जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं, गाडगं केवढं आणि चाक किती जोरात फिरतंय. चाक दुप्पट वेगाने फिरवलं तर गाडगी निम्मी चालतात. चार्जरमध्ये गाडगं म्हणजे तो छोटा कोअर. ६५ वॉट म्हणजे सेकंदाला ६५ ज्यूल. भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या चालीने वाहायचं म्हटलं तर दर फेरीला १.३ ज्यूल उचलावे लागतील. सेकंदाला ६५ हजार फेऱ्या केल्या तर दर फेरीला १ मिलिज्यूल, आणि ३ कोटी फेऱ्या केल्या तर दर फेरीला जेमतेम २ मायक्रोज्यूल. म्हणजे हंड्यावरून वाटीवर आणि वाटीवरून थेंबावर.

६५ हजार हा आकडा मी उगाच नाही घेतला. ६५ किलोहर्ट्झ हा चार्जरच्या दुनियेत फार जुना आणि लाडका आकडा आहे आणि त्याचं कारण फिजिक्समध्ये कमी, नियमांत जास्त आहे. सत्तरच्या दशकात अशा पॉवर सप्लाय यायला लागल्या तेव्हा २० किलोहर्ट्झच्या आसपास चालवायचे, कारण त्याच्या खाली गेलं की माणसाच्या कानाला शिट्टी ऐकू येते. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले आणि आकडा वर सरकला. पण विजेच्या वायरीत किती घाण, म्हणजे रेडिओत खरखर आणणारी गडबड, सोडायची यावर जगभर जे नियम आहेत ते १५० किलोहर्ट्झपासून लागू होतात. चालू-बंद करणारं बटण आपल्या चालीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वरही आवाज करतं (कानाला ऐकू येणारा नव्हे, इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत त्या घाणीलाच आवाज म्हणतात). ६५ ची दुप्पट १३०, म्हणजे नियमाच्या उंबरठ्याच्या बाहेर! पहिला आवाज जो नियमात सापडतो तो तिसरा, १९५ वर, आणि तो आधीच बराच मवाळ झालेला असतो. मग फिल्टर लहान पुरतो, पैसे वाचतात. कितीतरी चार्जरच्या पोटातल्या चिपवर ६५ किलोहर्ट्झ कोरलेलं आहे ते या पळवाटेमुळे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती, एवढं डोकं लावलंय आणि ते कशासाठी तर तपासनीसाच्या टेबलाखालून सरकायला.

आता ती कंपनी. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्राध्यापक डेव्हिड पेरो यांच्याकडे बरीच वर्षं या विषयावर काम चालू होतं की बटण सेकंदाला हजारो-लाखो वेळा नाही तर कोट्यवधी वेळा, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्याही वर कसं चालवायचं. ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचं नाव व्हीएचएफ, हो, तेच व्हीएचएफ जे जुन्या टीव्हीच्या चॅनल बदलायच्या खटक्यावर लिहिलेलं असायचं. एफएम रेडिओही याच पट्ट्यात, ८८ ते १०८. त्या संशोधनातून फिनसिक्स नावाची कंपनी निघाली आणि २०१४ मध्ये तिने किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, डार्ट नावाचा ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर मांडला. मधे ठोकळा नाही, प्लगच थोडासा लांबट, नेहमीच्या चार्जरपेक्षा चारपट लहान असल्याचा दावा, वर वायरीतच फोनसाठी यूएसबीचं भोक. तेव्हा बॅगेत सगळ्यांच्याच ठोकळा असायचा, त्यामुळे ते चित्र बघून लोक हरखले, पैसे भरभर जमले. माल मात्र लोकांच्या हातात पडायला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला. आणि आज दुकानात जाऊन व्हीएचएफचा चार्जर द्या म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघेल.

का असं झालं? कंपनीच्या आतल्या भानगडी मला माहीत असण्याचा प्रश्न नाही, पण वाटेत काय काय आडवं येतं ते कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही बघता येतं.

पहिली अडचण सांडण्याची. रहाटाचं गाडगं वर येऊन पालथं होताना थोडं पाणी बाहेर सांडतंच. मॉस्फेट बंद असतो तेव्हा त्याच्या दोन टोकांमध्ये ३२५ व्होल्ट असतात आणि त्याच्या अंगात नको असलेला एक छोटासा कपॅसिटर आपोआप असतोच, तो तेवढ्या व्होल्टने भरलेला असतो. बटण चालू केलं की ते साठलेलं सगळं बटणातच जळून जातं, उष्णता होते. किती? समजा ते कपॅसिटन्स फक्त १०० पिकोफॅरड आहे, म्हणजे अगदी नगण्य, तर दर वेळी सुमारे ५.३ मायक्रोज्यूल. ६५ किलोहर्ट्झवर याचे होतात साधारण एक तृतीयांश वॉट, कोण विचारतो. १ मेगाहर्ट्झवर होतात ५.३ वॉट, आता भुवया वर जातात. आणि ३० मेगाहर्ट्झवर? जवळजवळ १६० वॉट. ६५ वॉट द्यायला १६० वॉट जाळायचे! किंवा गाडग्यांच्या भाषेत सांगायचं तर दर फेरीला गाडग्यात पाणी येतंय दोन वाट्या आणि सांडतंय पाच वाट्या. असला रहाट कुठला शेतकरी ठेवेल.

मग व्हीएचएफवाल्यांनी केलं काय? यावर जो तोडगा आहे तो मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटतो. झोपाळ्यावर पोरगं बसलंय आणि तुम्ही झोका देताय. झोपाळा जोरात तुमच्याकडे येत असताना मधेच ढकललं तर हाताला दणका बसतो आणि जोर वाया जातो, पण तो मागे येऊन टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा बोटाने ढकललं तरी पुरतं. सर्किटमध्येही कॉइल आणि कपॅसिटर जोडून असा झोपाळा करता येतो, व्होल्टेज आपणहून वर जातं आणि आपणहून शून्यावर येतं, आणि ते शून्यावर आलं की नेमकं त्याच वेळी बटण चालू करायचं. व्होल्टच नाहीत तर जळणार काय? याला झीरो व्होल्टेज स्विचिंग म्हणतात. रेडिओच्या ट्रान्समीटरमध्ये ही युक्ती जुनी आहे, नेथन आणि अ‍ॅलन सोकल या बापलेकांनी १९७५ मध्ये क्लास ई नावाचं जे सर्किट मांडलं ते याच तत्त्वाचं. म्हणजे व्हीएचएफ चार्जर हा खरं तर चार्जर कमी आणि रेडिओ ट्रान्समीटर जास्त, फक्त अँटेनाच्या जागी लॅपटॉप लावलाय.

पण झोपाळ्याची एक खोड असते, तो त्याच्याच लयीत झुलतो. त्यावर बसलेला बदलला तरी चालतं, पण सर्किटमधला हा झोपाळा लोडवर अवलंबून असतो, लॅपटॉपने ६० वॉट मागितले की लय जुळलेली आणि ५ वॉट मागितले की बिघडलेली, बटण चुकीच्या क्षणी पडणार आणि पुन्हा सांडासांड. त्यावरचा उपाय मात्र आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवर रोज चालतो. टाकी भरायची मोटर आपण कधी हळू आणि कधी जोरात चालवतो का? ती चालते तेव्हा पूर्ण जोरात, टाकी भरली की बंद, पातळी उतरली की परत चालू. तसंच इथेही, व्हीएचएफचा झोपाळा चालवायचा तर त्याच्या आवडत्या लयीतच, नाहीतर अख्खा थांबवायचा, आणि ही चालू-बंदची दुसरी, संथ साखळी लॅपटॉपच्या मागणीप्रमाणे लांबवायची किंवा आखडायची. हुशारीच आहे, पण मधे टाकी लागते ना! जितक्या संथपणे मोटर चालू-बंद होणार तितकी टाकी मोठी, म्हणजे आउटपुटचे कपॅसिटर मोठे. कोअर लहान करून मिळवलेली थोडी जागा इथे परत गेली.

दुसरी अडचण तारेची. करंट जितक्या भरभर दिशा बदलतो तितका तो तारेच्या आतून न जाता सालीवरून जायला लागतो. ५० हर्ट्झला तांब्यात ही साल ९ मिलिमीटर जाड, म्हणजे नेहमीच्या वायरीत प्रश्नच येत नाही. १०० किलोहर्ट्झला ०.२ मिलिमीटर, म्हणून चांगल्या चार्जरचं वाइंडिंग सुतासारख्या बारीक तारा एकत्र पिळून करतात. ३० मेगाहर्ट्झला साल उरते १२ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा पाचवा-सहावा हिस्सा. सर्किट बोर्डवर तांब्याचा जो थर असतो तोही सहसा ३५ मायक्रॉनचा, त्यातला बराचसा मग नुसताच बसून राहतो. कोअरचंही तसंच, चार्जरमध्ये जे काळं फेराइट वापरतात ते मँगनीज-झिंकचं, मेगाहर्ट्झच्या आसपास ते इतकं तापायला लागतं की त्यातलं चुंबकत्व कमी ठेवावं लागतं, आणि कमी ठेवायचं म्हणजे कोअर पुन्हा मोठा घ्यायचा. वेग वाढवून आकार कमी होण्याची जी सरळ चढण होती ती इथे सपाट होते. आणखी वर जायचं तर निकेल-झिंकचं फेराइट, आणि त्याच्याही वर कोअरच नको, नुसत्या हवेत गुंडाळलेले वेढे. ऐकायला मस्त वाटतं, ट्रान्सफॉर्मरमधून लोखंडच गेलं. पण कोअर हा चुंबकत्वाला लावलेला बांधही असतो, तो गेला की ते आजूबाजूला पसरतं आणि शेजारच्या प्रत्येक धातूच्या तुकड्यात शिरतं.

पसरण्यावरून ती खरखर. नियमांची गंमत अशी की वायरीतून जाणाऱ्या आवाजाची तपासणी साधारण १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ होते आणि त्याच्या वर हवेतून पसरणाऱ्या आवाजाची सुरू होते. म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या वर बटण चालवलं की एका परीक्षेतून जवळपास सुटका आणि दुसरीत थेट मधल्या बाकावर. ३० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १० मीटर, तिचा चौथा भाग अडीच मीटर, आणि लॅपटॉपच्या चार्जरची वायर किती लांब असते, तर दीड-दोन मीटर. १०० मेगाहर्ट्झला चौथा भाग ७५ सेंटीमीटर, ट्रान्झिस्टरची आपण ओढून लांब करायचो ती अँटेना साधारण तेवढीच. तुम्ही जी वायर वीज न्यायला लावली ती न सांगता आकाशवाणी व्हायला बघते. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं तेव्हा गच्च्यांवर जे काठ्यांचे सांगाडे उभे राहिले ते याच व्हीएचएफसाठी, तेव्हा माणसं कौलांवर चढून सिग्नल पकडायची, आता इथे सिग्नल बाहेर पडू नये म्हणून इंजिनीअर रात्री जागवतात.

हा आवाज कमी करायला जे काही लावतात त्यातला एक कपॅसिटर तुम्हाला व्यक्तिशः भेटलेला आहे. दोन पिनचा चार्जर, धातूच्या बॉडीचा लॅपटॉप, अनवाणी पाय फरशीवर, आणि मनगट टेकलं की झिणझिण्या. तो वाय कपॅसिटर, चार्जरच्या गरम म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आणि थंड म्हणजे लॅपटॉपकडच्या बाजूला जोडून असतो, आवाजाला परतीची वाट देतो आणि त्यातून अगदी थोडा करंट तुमच्या हातापर्यंत येतो. चांगल्या चार्जरमध्ये तो पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवतात. शॉक नव्हे तो, पण आजी एकदा त्या लॅपटॉपला हात लावून जी मागे सरकली ती परत त्याच्या जवळ गेली नाही.

तर एका बाजूला ६५ किलोहर्ट्झचा सुरक्षित जुना रस्ता, दुसऱ्या बाजूला ३० मेगाहर्ट्झचा हा घाट, आणि २०१८ च्या सुमाराला मधूनच गॅन आलं. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड, हे काही नवीन नाही, घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या मुळाशी जी निळी एलईडी असते ती याचीच, तिच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं तेही नेमकं २०१४ मध्ये, डार्ट जाहीर झाला त्याच वर्षी. बटण म्हणून गॅनचा गुण असा की तितकाच करंट वाहायला त्याचा तुकडा सिलिकॉनपेक्षा खूप लहान लागतो, आणि तुकडा लहान म्हणजे त्याच्या अंगातला तो नको असलेला कपॅसिटरही लहान. म्हणजे सांडणंच कमी. अँकरने २०१८ मध्ये गॅनचा छोटा चार्जर दाखवला, शाओमीने २०२० मध्ये ६५ वॉटचा आणला, २०२१ मध्ये अ‍ॅपलने १४० वॉटचा.

आता इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज होतो, जाहिरातींमुळे तर होतोच, की गॅन म्हणजे प्रचंड वेग. गॅन वेगाने चालू-बंद होऊ शकतं हे खरं, पण दुकानातले बहुतेक ६५ वॉटचे गॅन चार्जर चालतात १०० ते ३०० किलोहर्ट्झवर, फार तर ५०० च्या आसपास. मेगाहर्ट्झसुद्धा नाही, व्हीएचएफ तर लांबच. गॅनने वाचवलेलं सांडणं कंपन्यांनी सगळं वेगात खर्च केलं नाही, अर्धं वेगात घातलं आणि अर्धं शिल्लक ठेवलं, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं कारण चार्जरच्या आकाराचा खरा मालक उष्णता आहे. हिशोब करा ना, जुना चार्जर ८८ टक्के कार्यक्षम, म्हणजे लॅपटॉपला ६५ वॉट देताना जवळपास ९ वॉट पोटात जिरवतो, घरातला ९ वॉटचा बल्ब चहूबाजूंनी बंद डबीत ठेवल्यासारखं. ९४ टक्क्यांचा झाला तर ४ वॉट. डबी निम्म्या आकाराची करायची तर हवेला लागणारं तिचं अंगही कमी होतं, म्हणून आतली उष्णताही कमीच व्हायला हवी, नाहीतर हात लावला की चटका. कोअर कितीही इवलासा करा, उष्णता ९ वॉट राहिली तर डबी मोठीच ठेवावी लागेल, आत नुसती हवा ठेवून. व्हीएचएफवाल्यांना जागा मिळवण्यापेक्षा ही उष्णता आवरणं अवघड होतं असं मला वाटतं.

आणि समजा सगळं जमलं, कोअर गायब, उष्णता शून्य, आवाज शून्य, तरीही एक वस्तू जागची हलत नाही. सुरुवातीला म्हटलं तो फुगीर कपॅसिटर. एखादा बंद पडलेला चार्जर उघडून बघा (प्लग काढून, आणि काढल्यावरही लगेच नाही, तो कपॅसिटर चार्ज धरून बसलेला असू शकतो आणि ३२५ व्होल्ट म्हणजे चेष्टा नाही), आतल्या जागेचा मोठा घास त्याच एका नळकांड्याने घेतलेला दिसेल. त्याचं काम बटणाच्या वेगाशी संबंधितच नाही. भिंतीतली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्या मधल्या खळग्यात ६-७ मिलिसेकंद लॅपटॉपला कोण पोसणार, तर हा. ७० वॉट गुणिले ७ मिलिसेकंद, म्हणजे दर खळग्याला अर्धा ज्यूल, बटण लाख वेळा चालवा नाहीतर कोटी वेळा, हा अर्धा ज्यूल बदलत नाही कारण तो ५० हर्ट्झचा आहे आणि ५० हर्ट्झ महावितरणकडून येतो.

यातही एक मजा आहे. चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, जगात कुठेही चालावा म्हणून. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्याकडे ३२५ व्होल्टवर ५ ज्यूलहून जास्त साठवतो, लागतो अर्धा, म्हणजे दहापट! एवढा मोठा कशाला मग? जपानसाठी. तिथे १०० व्होल्ट, त्यात दहा टक्के खाली गेले तर ९०, त्याचं टोक १२७ व्होल्ट, आणि तेवढ्यावर तोच कपॅसिटर साठवतो जेमतेम ०.८ ज्यूल. बरं, तिथल्यापुरता करायचा तर २०० व्होल्टचा छोटा चालला असता, पण तोच चार्जर आपल्या ३२५ मध्ये फुटू नये म्हणून ४०० व्होल्टचा घ्यावा लागतो. म्हणजे पोट जपानच्या मापाचं आणि कातडी आपल्या मापाची, आणि दोन्हींचा भार प्रत्येकाच्या बॅगेत.

हा कपॅसिटर काढून टाकण्याचा एक धाडसी प्रयत्न झालाय. ओप्पोने २०२० मध्ये ५० वॉटचा बिस्किटासारखा चपटा चार्जर दाखवला, त्यात हे नळकांडं नव्हतंच. त्यांनी म्हटलं खळगा येतोय ना, येऊ दे, बॅटरीलाच हेलकावे खात वीज देऊ, क्षणभर कमी मिळाली तर बॅटरीचं काय बिघडतं. फोनमध्ये हे जमलं कारण फोनही त्यांचाच आणि चार्जरही त्यांचाच. लॅपटॉपला यूएसबी-सीवरून एकसारखे २० व्होल्ट हवे असतात, कुठल्याही कंपनीचा चार्जर कुठल्याही लॅपटॉपला लागणार, तिथे असं खळगे पाठवून भागत नाही.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला म्हणजे हा चार्जर आता याहून लहान होणारच नाही का. होईल थोडा, अजून जागा आहे, पण आधी याच्या पिना बघ म्हटलं. याच्या चपट्या परदेशी पिना आमच्या सॉकेटमध्ये सैल बसतात, चार्जर लहान आणि जाड, सगळा भार पुढे, रात्री दोनदा आपोआप निसटून खाली पडला आणि सकाळी लॅपटॉप ४ टक्क्यांवर. म्हणून त्याने आता त्याला तीन पिनचा कन्व्हर्टर लावलाय, आणि चार्जर भिंतीलाच चिकटलेला असल्यामुळे केबल टेबलापर्यंत पुरेना म्हणून दोन मीटरची जाड केबल वेगळी घेतलीय. मी ते सगळं गोळा करून परत वजनकाट्यावर ठेवलं. २३५ ग्रॅम.